मास्टर कृष्णराव : मैफलीतून समूहाकडे

नाशिकहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिंडोरी लागते. सप्तशृंगीच्या यात्रेकरूंना ते वाटेवरचे गाव. शेतकऱ्यांना कचेरीचे आणि बाजाराचे. अशा तालुक्याच्या गावी अभिजात गायनाची मैफल ही क्वचितच घडणारी गोष्ट. मोठ्या गवयाचे गाणे समोर बसून ऐकावयाचे, तर नाशिक नाही तर पुणे-मुंबई गाठावयास हवी. तथापि मराठी मुलखातील अशा शेकडो गावांत विसाव्या शतकात राग पोचले, आणि ज्यांना रागाचे नावही ठाऊक नव्हते त्यांच्या गळ्यात बसले. ते आले मुख्यत्वे चार वाटांनी. नाटक कंपन्यांची पदे भजनी मंडळांनी उचलली. बोलपटांची गाणी तंबूतल्या पडद्यावरून उतरली. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणीने ती घरात आणली. आणि शाळांच्या प्रांगणात मुलांनी ती एका सुरात म्हणावयास घेतली. या चारही वाटांवर ज्या एकाच संगीतकाराची पावले उमटलेली दिसतात, तो म्हणजे कृष्णा गणेश फुलंब्रीकर, अर्थात मास्टर कृष्णराव.

एवढे असूनही कृष्णरावांचे स्मरण तुकड्यातुकड्यांनी होते. नाट्यसंगीताचे रसिक त्यांना बालगंधर्वांच्या कंपनीतील म्हणून ओळखतात, चित्रपटाचे अभ्यासक 'प्रभात'चे म्हणून, आणि राष्ट्रगीताच्या इतिहासात एक हरलेला दावा मांडणारे म्हणून त्यांचा ओझरता उल्लेख येतो. जाणकारांच्या एका वर्गाने तर त्यांच्यावर शक्तिक्षयाचाच आरोप ठेवला. भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूची तालीम लाभलेल्या गवयाने मैफल सोडून नाटक-सिनेमात आणि सामुदायिक गीतांत आपले आयुष्य विखरून टाकले, असा त्याचा आशय. हा आरोप तपासून पाहण्याजोगा आहे. कारण त्याच्या मुळाशी एक जुना समज आहे. लोकांसाठी केलेले संगीत हे दुय्यम प्रतीचे असावयाचे, हा तो समज होय.

आळंदी ते बखलेबुवांचे घर

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाच्या आळंदीत झाला. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे गाव, अष्टौप्रहर टाळमृदंग. गाणे म्हणजे अनेकांनी मिळून म्हणावयाची गोष्ट, हा संस्कार तेथे कोणी मुद्दाम करावा लागत नाही. कोवळ्या वयातच ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून दाखल झाले. सवाई गंधर्व त्या वेळी त्याच मंडळीत होते, आणि त्यांचे गाणे या मुलाला जवळून ऐकावयास मिळाले.

त्यानंतर १९११च्या सुमारास ते भास्करबुवा बखले यांच्याकडे शिष्य म्हणून गेले. बखलेबुवांचे वैशिष्ट्य असे की, ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर-अत्रौली या तिन्ही परंपरांची तालीम त्यांनी अनुक्रमे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडून घेतली होती. घराण्यांच्या भिंती उंच असलेल्या त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. आणखी एक भिंत बुवांनी ओलांडली. श्रेष्ठ दर्जाचे ख्यालगायक असूनही त्यांनी रंगभूमीकडे पाठ फिरविली नाही. बालगंधर्वांचे ते गुरू होतेच. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना त्यांनी ज्या चाली दिल्या, त्यांतून कित्येक अस्सल बंदिशी मराठी घराघरांत गेल्या. शिवाय १९११ साली त्यांनी पुण्यात गायनाचे शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. तीच पुढे भारत गायन समाज या नावाने प्रसिद्धीस आली. मैफल, रंगभूमी आणि विद्यालय या तिन्ही गोष्टी एका माणसाला सांभाळता येतात, हे कृष्णरावांनी घरातच पाहिले होते. त्यांनी आपली शक्ती विखुरली असे म्हणणाऱ्यांनी हा गुरूचा वारसा ध्यानी घ्यावयास हवा. ८ एप्रिल १९२२ रोजी बुवा निवर्तले, तेव्हा शिष्य अवघा चोवीस वर्षांचा होता.

रंगभूमीची शिस्त

गुरूंच्या पश्चात गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताचा भार मोठ्या प्रमाणात कृष्णरावांवर आला. ते तेथे नट होते, गायक होते आणि पदांना चाली देणारेही होते. 'मेनका', 'सावित्री', 'कान्होपात्रा' ही नाटके त्या काळाची साक्ष देतात. त्यांतील १९३१च्या 'कान्होपात्रा'ला या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. मंगळवेढ्याच्या या संत कवयित्रीच्या नाटकात अभंगांना वाव होता, आणि अभंग ही वारकऱ्याची मिरास. त्याला रागाचा साज चढवावयाचा, पण तो टाळकऱ्याला परका वाटू द्यावयाचा नाही, ही अवघड मर्यादा त्या चालींनी पाळली. पुढे यांतील रचना रंगभूमी सोडून भजनी मंडळांत गेल्या, आणि तेथे त्यांचा कर्ता कोण हे विचारण्याची कोणाला गरजही भासली नाही. चाल रचणाऱ्याला याहून मोठी पावती कोणती?

याच वर्षांत मैफलींचे गायक म्हणूनही त्यांची कीर्ती दूरवर पसरली होती. त्यांच्या गाण्यात लाघव होते, चपळाई होती, आणि श्रोत्याला हसत हसत बरोबर घेऊन जाण्याची कला होती. ख्याल, ठुमरी, नाट्यपद आणि भजन यांना ते एकाच बैठकीत सन्मानाने स्थान देत. काही कर्मठांना हे रुचले नाही. परंतु श्रोतृवर्गाने त्यांना कधी अंतर दिले नाही.

मराठी रंगभूमीच्या पडत्या काळानंतरही त्यांनी तिची साथ सोडली नाही. मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'ने १९४२ साली 'कुलवधू' रंगभूमीवर आणले, तेव्हा नाटकाचे रूप पालटले होते. रात्र रात्र चालणारे खेळ जाऊन आटोपशीर नाटक आले होते आणि पदांची संख्या पन्नासावरून मोजक्या गीतांवर उतरली होती. ज्योत्स्ना भोळे यांच्या गळ्यासाठी कृष्णरावांनी बांधलेली त्यातील गाणी लहान आहेत, सुटसुटीत आहेत आणि कथेला खिळलेली आहेत. लांबलचक पदांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाने चव्वेचाळिसाव्या वर्षी आपली शैली अशी बदलावी, हे त्याच्या बुद्धीच्या ताजेपणाचे गमक मानावयास हवे.

'प्रभात'मधील वर्षे

कोल्हापुरात जन्मलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. पुढे १९३५ साली तिने 'धर्मात्मा' हा बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, आणि संगीत मास्टर कृष्णरावांचे. प्रथम या चित्रपटाचे नाव 'महात्मा' असे होते. त्यातून गांधीजींचा अर्थ निघतो म्हणून नियंत्रकांनी ते बदलावयास लावले. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या एकनाथांची ही कथा त्या दिवसांत केवळ पुराणकथा राहिली नव्हती. पडद्याचे माध्यम बालगंधर्वांना मानवले नाही आणि ते रंगभूमीवर परतले. कृष्णराव मात्र राहिले.

या राहण्याचा अर्थ समजून घेण्यासाठी त्या काळच्या तंत्राकडे पाहावे लागेल. रंगभूमीवर रंगलेले पद 'वन्समोअर' घेत घेत पाव तास, अर्धा तास चाले. मैफलीतील ख्यालाला तर वेळेचे बंधनच नव्हते. बोलपटाचे गाणे मात्र साडेतीन मिनिटांच्या आत संपले पाहिजे, कारण ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तेवढीच असे. त्या अवधीत रागाची ओळख पटावी, शब्द स्वच्छ कळावेत, पात्राचा स्वभाव दिसावा आणि प्रेक्षकाला ते दुसऱ्या दिवशी गुणगुणता यावे. ख्याल आळवणाऱ्या गवयाला ही एक प्रकारची परीक्षाच होती; आणि ती ते 'अमरज्योती' (१९३६), 'गोपाळकृष्ण' (१९३८), 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) या चित्रपटांतून उत्तरोत्तर अधिक सहजतेने उत्तीर्ण होत गेले.

यातील प्रत्येक चित्रपटाची मागणी वेगळी होती. 'गोपाळकृष्ण'मध्ये गोकुळातील गवळ्यांचे समूहजीवन होते. कृष्णाची भूमिका करणारे राम मराठे हे पुढे नामवंत गायक झाले आणि कृष्णरावांच्या शिष्यवर्गात गणले गेले. 'माणूस'मध्ये शांता हुबळीकरांच्या तोंडी असलेले एक गाणे भारताच्या निरनिराळ्या भाषांत फिरते. प्रत्येक भाषेबरोबर चालीचा प्रदेश बदलतो, आणि तरीही गाणे एकच राहते. 'शेजारी' ही हिंदू आणि मुसलमान अशा दोन जिवलग शेजाऱ्यांची कथा. तिच्या 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत हिंदू म्हाताऱ्याची भूमिका मजहर खान यांना आणि मुसलमानाची गजानन जागीरदारांना देण्याचे धाडस शांतारामांनी केले. या चित्रपटातील गावकऱ्यांचे समूहगीत तर मराठी चित्रपटाच्या इतिहासातील एक मैलाचा दगड ठरले. शेकडो माणसे एका लयीत गात आहेत आणि त्या गाण्यातून गावच बोलते आहे, असा प्रत्यय देणारी ती रचना आहे.

पुढे राजकमल कलामंदिराच्या 'भक्तीचा मळा' (१९४४) या चित्रपटात कृष्णराव स्वतः सावता माळी म्हणून पडद्यावर आले. कांदा, मुळा, भाजीत विठाई पाहणाऱ्या या संताची भूमिका आळंदीत जन्मलेल्या गायकाकडे जावी, यात मोठे औचित्य होते. आपल्या रोजच्या कष्टाला देवत्व देणारा हा संत दिंडोरीच्या शेतकऱ्याला पुस्तकाविनाच ठाऊक असतो.

हरलेला दावा

कृष्णरावांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रकरण 'वंदे मातरम्'चे. बंकिमचंद्रांच्या या गीताला २०२५ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्याला चाली अनेकांनी दिल्या. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर विष्णु दिगंबर पलुस्करांनी काँग्रेसच्या अधिवेशनांतून ते गाजविले. आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकच्या पंचवटीत आश्रम काढून राहिलेल्या या पंडितांनी १९२३च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्षांचा आक्षेप न जुमानता हे गीत पुरे केले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे.

कृष्णरावांनी हे गीत झिंझोटी रागात बांधले आणि आपल्या मैफलींतून गावयास आरंभ केला. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर ते गात असता क्षेपण मध्येच तोडण्यात आले, तेव्हा त्यांनी त्या केंद्रावर गाणे सोडून दिले. नभोवाणीचे मानधन आणि प्रसिद्धी यांचा त्याग करणे त्या काळच्या कलावंताला परवडणारे नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निश्चयाचे मोल कळते. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना तेथे सन्मानाने पाचारण करण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न उभा राहिला. पंडित नेहरूंनी १९४८च्या ऑगस्टमध्ये संविधान सभेत जी भूमिका मांडली, तिचा एक भाग संगीताचा होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभेच्या निमित्ताने न्यूयॉर्कला 'जन गण मन' वाद्यवृंदावर वाजविले गेले होते व ते परदेशीयांनाही आवडले होते. 'वंदे मातरम्'ची चाल मात्र अशा वादनास अनुकूल नाही, असे त्यांचे मत होते. कृष्णरावांनी हे मत आव्हान म्हणून स्वीकारले. राष्ट्रगीत म्हणून वाजवावयाच्या चालीचे काही नियम असतात. ती थोडक्या अवधीत संपली पाहिजे. 'जन गण मन'ला ५२ सेकंद पुरतात. तिचा ठेका पावलांना साथ देणारा हवा. मींड आणि गमक यांवाचून ती उभी राहिली पाहिजे, कारण बँडच्या पितळी वाद्यांतून ते अलंकार निघत नाहीत. तिचा पल्ला सामान्य कंठाच्या आवाक्यातला हवा. या सर्व कसोट्या समोर ठेवून त्यांनी गीताची नवी बांधणी केली, ती स्वरलिपीत उतरविली, बँडवर वाजवून घेतली, आणि दिल्लीस जाऊन पंतप्रधान व संविधान सभेचे सदस्य यांच्यापुढे तिचे प्रात्यक्षिक केले.

निर्णय त्यांच्या बाजूने लागला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत असल्याचे आणि 'वंदे मातरम्'ला समान मान राहील असे घोषित केले. कृष्णरावांवर अन्याय झाला, असे म्हणण्याची प्रथा आहे. पण येथे थोडा विवेक केला पाहिजे. 'वंदे मातरम्'विरुद्धचे आक्षेप दोन प्रकारचे होते. एक आक्षेप संगीताचा, दुसरा त्याच्या उत्तरार्धातील देवीवर्णनाला मुसलमान समाजातून घेतला गेलेला. काँग्रेसने १९३७ सालीच त्या कारणाने गीताची पहिली दोनच कडवी गावयाची असे ठरविले होते. यांतील पहिल्या आक्षेपाला संगीतकार उत्तर देऊ शकत होता, आणि ते कृष्णरावांनी पुरेपूर दिले. दुसरा कोणत्याही चालीने सुटणारा नव्हता. 'शेजारी'ला संगीत देणाऱ्या माणसाला ही अडचण कळत नव्हती, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या कलेच्या कक्षेत जेवढे होते, तेवढे त्यांनी केले. आणि त्या खटाटोपातून एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. रागात बांधलेले भारतीय गीत रागाची ओळख न गमावता समूहाने गाता येते आणि बँडवर वाजविता येते, ही ती गोष्ट होय.

बुद्धवंदना

हाच अनुभव त्यांना आणखी एका कामी आला. नाशिक जिल्ह्याला या प्रकरणाशी जवळचे नाते आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली नाशकात सुरू झाला आणि धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात झाली. १९५६ साली त्या घोषणेची नागपुरात पूर्तता झाली. धम्माची दीक्षा घेणाऱ्या लक्षावधी माणसांना वंदना हवी होती. ती पालीत होती, आणि पाली त्यांच्यापैकी बहुतेकांनी कानांनीही ऐकलेली नव्हती. बाबासाहेबांच्या इच्छेवरून बुद्धवंदनेला स्वरबद्ध करण्याचे काम कृष्णरावांनी पत्करले, पालीचे उच्चार समजून घेतले आणि वंदनेची ध्वनिमुद्रिका सिद्ध केली.

या कामाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. येथे गायकी दाखविण्यास जागा नव्हती. शब्द परभाषेतील, म्हणणारे अशिक्षित ते सुशिक्षित सर्व थरांतले, आणि प्रसंग अत्यंत गंभीर. चाल अशी हवी की, तिच्या आधाराने शब्द पाठ व्हावेत. आळंदीच्या एका ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या आणि अभंगांवर वाढलेल्या गवयाकडे बाबासाहेबांनी हे काम विश्वासाने सोपवावे, आणि त्याने ते निष्ठेने करावे, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील लहान पण अभिमानास्पद घटना आहे.

गायन समाजाचे गुरुजी

नाटक, चित्रपट आणि राष्ट्रगीताची धावपळ यांतही गुरूंनी स्थापलेला भारत गायन समाज कृष्णरावांनी सुटू दिला नाही. बखलेबुवांच्या मागे त्यांनी या संस्थेचे नेतृत्व दीर्घकाळ केले. राम मराठ्यांप्रमाणेच गायिका आणि लेखिका योगिनी जोगळेकर यांनाही त्यांची तालीम मिळाली. 'रागसंग्रह' या नावाने त्यांनी बंदिशींचे सात भाग स्वरलिपीसह प्रसिद्ध केले. घराण्यातील चीजा तिजोरीसारख्या जपण्याची वृत्ती गवयांत प्रबळ असताना त्यांनी त्या छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. ज्याला गुरूगृही राहण्याची सोय नाही, अशा गावोगावच्या विद्यार्थ्याला या पुस्तकांचा केवढा आधार वाटला असेल, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

शासनाने १९७१ साली पद्मभूषण देऊन आणि संगीत नाटक अकादमीने १९७२ साली आपले रत्नसदस्यत्व देऊन त्यांचा गौरव केला. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

जमाखर्च

आता मूळ आरोपाकडे वळता येईल. मैफलीच्या गायकाची जी वर्षे स्टुडिओत आणि तालमीत गेली, ती परत आली नाहीत, हे खरे. त्यांची खास मैफली गायकी जशीच्या तशी पुढे नेणारी मोठी शिष्यपरंपरा उभी राहिली नाही, हेही मान्य करावे लागेल. हा तोटा खोटा नव्हे, आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी तो नाकारण्याचे कारण नाही. पण जमेची बाजू मांडताना असे दिसते की, 'कान्होपात्रा'चे अभंग, 'शेजारी'चे समूहगीत, 'वंदे मातरम्'ची बांधणी आणि बुद्धवंदना ही चार सुटी कामे नव्हती. ज्याला गाणे शिकावयास मिळाले नाही, त्याला चांगले गाणे गाता यावे यासाठी चाल कशी बांधावी, या एकाच प्रश्नाचा तो आयुष्यभर चाललेला पाठपुरावा होता. या प्रश्नाचे उत्तर त्यांना सापडले, याचे कारण त्यांची तालीम पक्की होती. सोपी चाल बांधावयास अर्धवट शिकलेला माणूस पुरत नाही. काय गाळावे हे, सर्व काही येत असलेल्यालाच कळते.

आज याचा विचार करावयाचा तो शिक्षकांनी आणि शिक्षण चालविणाऱ्यांनी. दिंडोरीसारख्या तालुक्यातील शाळांत मुले रोज राष्ट्रगीत आणि प्रार्थना म्हणतात. तो त्यांच्या आयुष्यातील बहुधा एकमेव नित्य संगीतपाठ असतो. पुष्कळदा तो सुरावाचून, घाईघाईने, आरोळी दिल्यासारखा उरकला जातो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर विषय यांतील भेद पुसण्याची भाषा केली आहे. परंतु संगीताच्या शिक्षकाचे पद हे खेड्यातील शाळेत आजही चैनीचे मानले जाते. समूहाचे गाणे म्हणजे ज्याला काहीही पुरते असे गाणे, हा समज त्यामागे आहे. मास्टर कृष्णरावांचे सारे आयुष्य या समजाविरुद्ध उभे आहे. त्यांचे पुतळे आणि पुरस्कार होतील तेव्हा होवोत. एखाद्या शाळेत पेटीवर षड्ज धरून मुलांना प्रार्थनेची पहिली ओळ नीट लावून देणारा एक शिक्षक उभा राहिला, तर बखलेबुवांच्या या शिष्याचे काम तेथे पुढे चालू झाले असे समजावयास हरकत नाही.